राजुलीची हवा

१२ ऑक्टोबर २०१०, मंगळवार

ही डायरी मुलाने, आनंदने, जानेवारीत दिली. त्याच्या कंपनीची आहे, वर सोनेरी अक्षरं. आज ऑक्टोबरची बारा तारीख. नऊ महिने डायरी कपाटात पडून होती, एवढ्या उशिरा लिहायला बसतो आहे, त्याबद्दल डायरीची माफी मागतो. पण दोष माझा नाही. आधी चष्म्याची काडी मोडली, मग पेन सापडेना, मग पावसाळा लागला. पावसाळ्यात लिहिण्यासारखं काही नसतं. हवा धुतलेली असते.

आता लिहिणं भाग आहे. राग पोटात ठेवला की मला पित्त होतं.

विषय : खराडीची हवा. शेजारच्या प्लॉटवर बारा मजली इमारत चढते आहे. दिवसभर सिमेंट, वाळू, खडी. मागच्या मोकळ्या जागेत कचरा जाळतात. मुक्ताईला पहाटे दम लागतो. काल लिफ्ट बंद होती, तर दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून राहिली. शेजारची बाई पाणी घेऊन आली. बायको जिन्यात बसलेली लोकांनी बघावी, अशी वेळ या शहराने आणली.

राजुलीत असं कधी झालं नाही.

ठराव : हिवाळ्याच्या आत हिला राजुलीला हलवायचं.

१३ ऑक्टोबर

डायरी माझीच आहे, पण राजुलीबद्दल लिहून ठेवतो, रेकॉर्ड पाहिजे. चंद्रपूरकडची कोळशाची कॉलरी, म्हणजे खाण. मी तिथे चौतीस वर्षं हाजरी बाबू, कामगारांची हजेरी लिहिणारा. सातवी पास, पण माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही. खाण सहा वर्षांपूर्वी बंद झाली. त्याच उन्हाळ्यात आम्ही आनंदकडे पुण्याला आलो. क्वार्टर अजून माझ्या ताब्यात आहे. शेजारी साडभाऊ संपत आणि मुक्ताईची धाकटी बहीण विजयमाला.

खाण बंद, म्हणजे धूळ बंद, म्हणजे धूर बंद. हे समजायला कॉम्प्युटर लागत नाही. मागच्या वर्षी ऑगस्टात कागदपत्रांसाठी गेलो होतो. हिरवंगार. आठ दिवसांत एकदाही शिंक नाही. आनंदला हे शंभरदा सांगितलं. तो म्हणतो, हो बाबा. आणि मोबाइल बघतो.

१५ ऑक्टोबर, सकाळी ७

मोजमाप सुरू. राजुलीत बायका हिवाळ्यात मुगवड्या घालायच्या आधी ताटलीला खोबरेल लावून अंगणात ठेवायच्या. सकाळी पांढऱ्या फडक्याने पुसायची. फडकं काळं झालं तर त्या दिवशी वड्या नाहीत. कधीकधी वीस-वीस दिवस वड्या पडत नसत. साधी, खात्रीची पद्धत.

काल गॅलरीत ताटली ठेवली. आज फडकं करडं. फडक्यावर नंबर एक घातला.

सूनबाई पूर्णिमा म्हणाली, बाबा, ती ताटली श्रद्धाच्या डब्यातली आहे, काल ती पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत घेऊन गेली. मी म्हटलं, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, शास्त्राला दुसरी ताटली देते.

दिली. वाकडी आहे.

१८ ऑक्टोबर

फडकी एक ते तीन घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. चेअरमन सर्जेराव इथलेच, गाव शहरात आलं तेव्हा शेतासकट आले. शेजारचा प्लॉट त्यांच्याच भावकीचा, बिल्डरला दिलेला. मी तिन्ही फडकी टेबलावर मांडली. त्यांनी चष्मा लावून नीट बघितली. मग म्हणाले, आजोबा, ही धूळ आमच्या वावराची हाय. तुमच्याकडं चुकून आली. परत द्या.

ऑफिसात बसलेले चौघं हसले. चौघांची नावं वेगळ्या कागदावर लिहून ठेवली आहेत.

घरी आल्यावर उत्तर सुचलं. फार चांगलं होतं. उद्या जाऊन देणार.

१९ ऑक्टोबर

सर्जेराव नव्हते. उत्तर विसरलो.

२३ ऑक्टोबर, शनिवार

मुक्ताईला डॉक्टर पद्मजाबाईंकडे नेलं. आनंद गाडी घेऊन आला, तेही अर्धा तास उशिरा. बाईंनी छातीचा फोटो बघितला. विचारलं, आजी, स्वयंपाक कशावर करायचात? ही म्हणाली, कोळशाच्या सिगडीवर, तीस-बत्तीस वर्षं. बाई म्हणाल्या, तेच दिसतंय. ओढायचा पंप दिला. म्हणाल्या, हिवाळ्यात यांना धुरापासून लांब ठेवा.

तेच तर मी सांगतो आहे! धुरापासून लांब म्हणजे पुण्यापासून लांब. शिकलेली बाई माझ्या बाजूची निघाली.

गाडीत आनंद म्हणाला, बाबा, त्या सिगडीबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, सिगडी राजुलीत राहिली, आता इथे कुठे आहे? तो गप्प बसला. मुद्दा असला की माणूस गप्प बसतोच.

२४ ऑक्टोबर

पंप ओढून दहापर्यंत श्वास धरायचा असतो. हिला आकडे मोजत श्वास धरता येत नाही, म्हणून मी मोठ्याने मोजतो. आज सातवर सोडला. मी ओरडलो. नंतर वाईट वाटलं, पण शिस्त पाहिजे.

२७ ऑक्टोबर

संपतला फोन केला, क्वार्टर झाडून ठेव म्हटलं. तर तो म्हणाला, भाऊ, काहून आणता तिले थंडीत? खदान बंद झाली पण आतून पेटली हाये. जमिनीच्या भेगांतून धूर निघते. पावसात दबते, उन्हाळ्यात वाऱ्यानं उडून जाते, अन् थंडीत खाली बसते तो उठतच नाही. वरून लोकं बंद खदानीतला कोळसा खणून आणतात अन् दारापुढं जाळतात, पहिल्यापेक्षा जास्ती.

संपत पहिल्यापासून वाढवून सांगणारा. कामावर उशिरा यायचा आणि वाटेत वाघ दिसला म्हणायचा. मी रजिस्टरमध्ये वाघ असं लिहू शकत नव्हतो.

खरं कारण मला माहीत आहे. माझ्या क्वार्टरच्या पडवीत तो बकऱ्या बांधतो. आम्ही येऊ नये, हाच डाव.

घरी फोनबद्दल काही सांगितलं नाही. उगीच घाबरतील.

३१ ऑक्टोबर

नात श्रद्धा चौथीत आहे. शाळेत हवेचा प्रोजेक्ट आहे म्हणून माझी फडकी बघायला आली. बरं वाटलं. घरात एकीला तरी कदर. सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही राजुलीला ऑगस्टमध्ये गेला होतात. ऑगस्टमध्ये पुण्याची पण हवा छान असते. मॅडम म्हणतात, सेम महिन्याशी सेम महिना कंपेअर करायचा.

तिला दूध प्यायला पाठवलं. आजकाल शाळांत काहीही शिकवतात.

५ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

फटाके. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून मुक्ताई आतल्या खोलीत. मी गॅलरीतून ओरडलो. खालून एकाने हॅपी दिवाली अंकल म्हटलं आणि हजाराची माळ लावली.

महापालिकेला आठ पानी अर्ज लिहायला घेतला आहे. फडकी जोडणार. साहेब लोकांची झोप उडाली पाहिजे.

९ नोव्हेंबर

संधी आली. विजयमालाच्या मुलीचं लग्न, तुळशीच्या लग्नानंतर लगेच, बावीस तारखेला. मुक्ताई म्हणाली, जाऊन चार दिवसांत परत येऊ. मी म्हटलं, चार दिवस नाही, संक्रांतीपर्यंत राहा. हवापालट.

ती म्हणाली, तुम्ही चला मग. एकटीला तिथे कोण मोजून देणार?

मी म्हटलं, अर्थात येणार.

१५ नोव्हेंबर

अडचण. नोव्हेंबर महिना, पेन्शनवाल्यांना बँकेत स्वतः जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, माणूस जिवंत आहे म्हणून. तो दिल्याशिवाय पुणं सोडता येणार नाही. घरी तसं सांगितलं. मुक्ताई पुढे जाईल, मी आठ दिवसांत मागून. संपतचा थोरला भाऊ कचरू रांजणगावला कंपनीत आहे, तो लग्नाला चालला आहे, सोबत होईल.

आनंद चिडला. म्हणाला, बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत का? ही आईची तब्येत आहे, तुमचा हट्ट नाही. मी म्हटलं, दिवसभर एसीत बसणाऱ्याने मला हवा शिकवू नये. चौतीस वर्षं मी तिथे काढली, तू नाही. पूर्णिमा मधे म्हणाली, आईंना विचारा ना. विचारलं. मुक्ताई म्हणाली, बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, जाते. आणि हे रोज तेच बोलतात, एकदा जाऊन आले की थांबतील तरी.

थोडक्यात, एकमत.

१७ नोव्हेंबर

बँकेत गेलो. दाखला दहा मिनिटांत झाला. बाबूने तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, जिवंत असं लिहून टाकलं. हजेरी घ्यायची ही काय पद्धत?

घरी अजून सांगितलं नाही. अर्जाचं काम बाकी आहे. दोन्ही गोष्टी एकदम सांगीन.

२० नोव्हेंबर, शनिवार

पुणे स्टेशन. मुक्ताईबरोबर ताटली, खोबरेलाची बाटली आणि पाच पांढरी फडकी दिली, नंबर घालून. ती म्हणाली, मी लग्नाला चालले आहे का तपासणीला? कचरू हसला. त्याचं नाव चौघांच्या यादीत घातलं.

गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, लवकर या. मी म्हटलं, आठ दिवसांत.

२३ नोव्हेंबर

संपतच्या फोनवरून बोलली. लग्न चांगलं झालं. मधे खोकत होती. लग्नघरात माणूस जास्त बोलतो, त्याने होतं. पंप ओढतेस का विचारलं. म्हणाली, ओढते, पण दहाचं काही खरं नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

आठ दिवस झाले. निघणार होतो. सर्दी झाली. सर्दीत प्रवास नको. अर्जही काल दिला, त्याचं उत्तर कधीही येईल, माणूस जागेवर पाहिजे.

इथली हवा आज फारच वाईट. फडकं नंबर एकोणीस चक्क काळपट. ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सरकली होती, पूर्णिमाने गॅलरी धुताना सरकवली. कट आहे. तरी नोंद काळपट हीच ठेवली.

४ डिसेंबर, शनिवार

कचरू परत आला. मुक्ताईने फडकं दिलं होतं, एकच. काळं. काळपट नाही, काळं. हाताला लागलं.

मी म्हटलं, विजयमालाने चुलीजवळचं फडकं दिलेलं दिसतं. कचरू म्हणाला, नाही दादा, माझ्या समोर ठेवली ताटली, एका रात्रीत. पाच वाजले की धूर कॉलनीवर बसते. समोरच्या रांगेतला दिवा दिसत नाही. वहिनी खोलीबाहेर येत नाहीत, दाराला ओलं फडकं लावून बसतात.

मला राग आला. मग म्हटलं, असं होतं तर येताना घेऊन का नाही आलास?

तो म्हणाला, मी म्हटलं होतं, चला. त्या म्हणाल्या, ते येतो म्हणालेत. मी निघून गेले तर चिडतील.

चहा न घेता गेला.

५ डिसेंबर

ठराव : ८ तारखेच्या गाडीने जाणार. मुक्ताईला घेऊन येणार. हवापालट पुरे झाला. पिशवी भरली. स्वेटर, कानटोपी, दोन रुमाल.

आनंदला सांगितलं. तो म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, तुला सुट्टी कुठे मिळते, मी आहे ना. नवरा आहे मी तिचा. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही.

८ डिसेंबर

गेलो नाही. पहाटे छाती भरल्यासारखी वाटली. रिझर्व्हेशन होतं, ते रद्द. घरी सांगितलं, गाडी लेट होती, बारा तासांनी सुटणार होती.

पिशवी भरलेलीच ठेवली आहे.

१० डिसेंबर

मुक्ताईचा फोन. आवाज खोल गेलेला. कधी येता एवढंच विचारलं. मी अर्जाबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, हं.

१३ डिसेंबर, सोमवार

विजय! उत्तर आलं. आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे. शिक्का आहे. आणि आजच शेजारच्या इमारतीला हिरवी जाळी लावायला सुरुवात झाली. सगळं सोडून आठ पानं लिहिली, त्याचं हे फळ.

कागद घेऊन सर्जेरावांकडे गेलो. म्हटलं, बघा. त्यांनी वाचला. म्हणाले, जाळीची ऑर्डर दिवाळीआधीच दिल्ती, पण तुमच्या नावावर धरू, आमचं काय जातंय. मग म्हणाले, आजोबा, ते ताटलीचं ऱ्हाऊ द्या. आजी कुठं हायत? मंडळी कट्ट्यावर इचारतात. म्हातारं मानूस आन् एवढ्या थंडीत एकलं पाठिवलं व्हय?

मी म्हटलं, हवापालट.

त्यांनी कागद घडी करून परत दिला. या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी काहीतरी बोललो असतो.

१६ डिसेंबर

१९ ला जाणार. नक्की. आनंदला रिझर्व्हेशन काढायला सांगायचं आहे. आज तो उशिरा आला. उद्या सांगीन.

१७ डिसेंबर

राहिलं.

१९ डिसेंबर, रविवार, दुपार

सकाळी संपतचा फोन आला. मला नाही, आनंदला. मुक्ताईला काल जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला आहे. राजुलीहून गाडी मिळायला तीन तास गेले, धुरात कोणी ड्रायव्हर निघायला तयार नव्हता.

आनंद ओरडला नाही. मी वाट बघत होतो. ओरडला असता तर मी म्हणालो असतो, तूही तिला जाऊ दिलंस. त्याने विमानाचं तिकीट काढलं, कपडे भरले. मी माझी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. तो म्हणाला, बाबा, तुम्ही घरीच थांबा. मला तिथे एकाच माणसाकडे बघता येईल.

जाताना म्हणाला, संपतकाका म्हणत होते, तुम्हाला ऑक्टोबरमध्येच सगळं सांगितलं होतं. खरं आहे का?

मी म्हटलं, संपत वाढवून सांगतो.

लिफ्टचं दार लागलं.

२० डिसेंबर

पूर्णिमा जेवायला वाढते, बोलत नाही. श्रद्धाने विचारलं, आजी कधी येणार? पूर्णिमा म्हणाली, तुझे बाबा गेलेत ना आणायला. माझ्याकडे दोघींनी बघितलं नाही.

ताटली ठेवली नाही.

२१ डिसेंबर

आनंदचा फोन काल संध्याकाळी एकदा आला, पूर्णिमाला. ती आतल्या खोलीत जाऊन बोलली. बाहेर येऊन म्हणाली, तसंच आहे. तसंच म्हणजे कसं, हे विचारायचं होतं. ती भाजी चिरायला लागली.

मी आनंदला चारदा लावला. उचलत नाही. संपतचा बंद. कचरूला लावला, तो म्हणाला, मले काही माहीत नाही दादा, अन् ठेवून दिला.

सगळ्या जगाचा राग येतो आहे. रेल्वेचा, बँकेचा, बिल्डरचा, डॉक्टरबाईंचा. बाईंनी स्पष्ट बोलायला हवं होतं.

स्पष्टच बोलल्या होत्या.

२३ डिसेंबर, गुरुवार

मुक्ताई,

तुला वाचता येत नाही आणि ही डायरी तुझ्यापर्यंत येणार नाही. तरी तुलाच लिहितो, दुसरं कोणी माझा फोन उचलत नाही.

राजुलीत मी चौतीस हिवाळे काढले. डिसेंबरात संध्याकाळी तिथे काय होतं, हे मला संपतने सांगायची गरज नव्हती. बत्ती घेऊन रजिस्टर लिहायचो मी, दिवसा चार वाजता. खाण बंद झाली म्हणजे ते सगळं गेलं, असं मी धरून चाललो. इथे मला आजोबा म्हणतात आणि बाजूला व्हायला सांगतात. तिथे माझं ऐकत होते. तू तिथे जाऊन बरी झालीस की सगळ्यांना दाखवणार होतो.

दाखला सतरा तारखेलाच झाला होता. सर्दी नव्हती. गाडी लेट नव्हती. त्या धुरात माझी छाती टिकायची नाही, म्हणून मी आलो नाही. तुझी टिकेल असं मी का धरलं, ते मला सांगता येत नाही. चार दिवस विचार करतो आहे. जमत नाही.

आनंद तिथे आहे, त्याला सांग. मला शिव्या दे म्हणावं, हवं तर परत तोंड दाखवू नका म्हणावं, मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. पण एवढं दोन शब्दांत कळवा, कशी आहेस. चांगलं असेल तर चांगलं, नसेल तर तेही. फोन माझ्या हातातच आहे.

लवकर कळव.